पायथ्याचे गाव आधी विचारा

कल्याणच्या एका वाचक भगिनींचे पत्र या वेळी उत्तरासाठी निवडले आहे. गेल्या जुलैत त्यांचे कुटुंब एका समूहाबरोबर पनवेलजवळच्या कलावंतीण सुळक्यावर गेले होते आणि जाहिरातीत या भटकंतीची पातळी ‘सोपी ते मध्यम’ अशी दिली होती. सासरे (वय ६८) प्रबळमाचीपर्यंत आनंदाने चढले, पण ठाकूरवाडीकडे उतरताना त्यांचा गुडघा इतका दुखावला की शेवटचा तास त्यांना दोन माणसांच्या आधाराने चालावे लागले. नणंद (वय ४६) कातळात कोरलेल्या पायऱ्यांच्या मध्यावर पोहोचल्या, त्यांनी खाली पाहिले आणि त्या तिथेच बसल्या. मागची रांग खोळंबली, लोक ओरडू लागले, आणि तेव्हापासून त्या डोंगराचे नावही काढू देत नाहीत. नऊ वर्षांची मुलगी धुक्यात कंटाळली. नणंदेचा वीस वर्षांचा मुलगा मात्र हरिहर, नळीची वाट आणि अलंग-मदन-कुलंग अशा अवघड गडांची आणि वाटांची यादी घेऊन बसला आहे. वाट सोपी की अवघड हे आधी कसे ओळखावे, सर्वांना एकत्र नेता येईल अशी निसर्गरम्य जागा कोणती, आणि ज्याला पुढे जायचे आहे त्याने कोणत्या क्रमाने जावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. डिसेंबरात पुन्हा एकदा सर्वांनी निघावे, अशी त्यांची इच्छा आहे.

प्रिय भगिनी,

सस्नेह नमस्कार.

तुमच्या पत्रातील एक वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले. तुम्ही लिहिता, ‘आमच्यात कोणीच कमकुवत नव्हते, तरी प्रत्येकाचे काही ना काही बिनसले.’ माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ या वाक्यात आहे. तुमच्या सासऱ्यांना दम कमी पडला नाही, तो चढताना पुरला. त्यांना उतार बाधला. तुमच्या नणंदबाईंचे पाय दुखले नाहीत. त्यांना डोळ्यांसमोरची उघडी दरी बाधली. मुलीला चढ जड गेला नाही. तिला पाहायला काही मिळाले नाही. या तीन तक्रारी तीन निराळ्या गोष्टींच्या आहेत आणि जाहिरातीतील ‘सोपी ते मध्यम’ या शब्दांत त्यांतली एकही सांगितलेली नव्हती. म्हणून सोपे आणि अवघड हे शब्द काही काळ बाजूला ठेवून, वाट नेमके काय मागते, हे आपण पाहू.

वाट पहिल्याने मागते ती दम, म्हणजे एकूण चढ आणि अंतर. हे मोजता येते. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला, तो आजही जगभर वापरला जातो: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि प्रत्येक सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा. हा हिशेब थंड हवेतील सराईत चालणाऱ्यांचा आहे. आपल्याकडे, मुले आणि ज्येष्ठ बरोबर असताना, मी येणाऱ्या उत्तराची दीडपट करतो आणि थांबण्याचा वेळ वेगळा धरतो. मात्र यात एक चूक सर्रास होते. लोक गडाची समुद्रसपाटीपासूनची उंची पाहतात, आणि चालणाऱ्याला तर पायथ्यापासूनचा चढच भोगावा लागतो. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वांत उंच. परंतु बारी गाव मुळातच बऱ्याच उंचीवर असल्यामुळे प्रत्यक्ष चढ त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक भरतो. याउलट कोकणातल्या गावातून निघालात, तर पठारावरून निघणाऱ्याला घरबसल्या मिळालेली पाच-सहाशे मीटर उंची तुम्हाला पायांनी कमवावी लागते. म्हणूनच कोणी गडाचे नाव सांगितले की मी आधी विचारतो, ‘पायथ्याचे गाव कोणते?’ ते कळले की अर्धी वाट कळली.

भीमाशंकराचे उदाहरण घ्या. कर्जतच्या बाजूने खांडस या एकाच गावातून दोन वाटा वर जातात. गणेश घाटाची वाट लांब, पण रुंद आणि मळलेली आहे. शिडी घाटाची वाट जवळची, पण शिड्या आणि ओले कातळटप्पे यांतून जाणारी आहे. मुक्काम एकच, देऊळ एकच, जंगल एकच. राजगडालाही तसेच आहे. पाली दरवाजाने गेलात तर चांगल्या बांधीव पायऱ्या मिळतात, आणि गुंजवण्याहून चोर दरवाजाने गेलात तर शेवटचा टप्पा कठड्याचे गज धरून चढावा लागतो. हरिश्चंद्रगडावर पाचनईहून शाळकरी मुले जातात. त्याच गडाच्या कोकणकड्यावर कोकणातून नळीच्या वाटेने जाणाऱ्याला सह्याद्रीची पूर्ण भिंत दगडांनी भरलेल्या नाळेतून, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद, उभ्या घळीतून, चढावी लागते आणि सुटे दगड डोक्यावर येण्याचा धोका पूर्ण वाटभर असतो. दोघेही शेवटी त्याच कड्यावर पोटावर आडवे पडून तीच दरी पाहतात. निसर्गरम्य दृश्यासाठी अवघड वाटच धरावी लागते, हा समज तुमच्या भाच्याच्या वयात सगळ्यांचाच असतो. तो खरा नाही, हे त्याला प्रेमाने सांगावे.

दुसरी गोष्ट उताराची, आणि ती मी मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण घरातील ज्येष्ठांना घेऊन निघणारी बहुतेक कुटुंबे इथेच चुकतात. चढताना हृदय आणि फुप्फुसे राबतात, त्यामुळे थकवा आला की माणूस थांबतो, दम घेतो आणि पुन्हा निघतो. उतरताना दम लागत नाही. म्हणून माणूस थांबत नाही, आणि प्रत्येक पावलाला शरीराचा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंनी आणि गुडघ्याने झेलावा लागतो. दुपारपर्यंत स्नायू दमले की तो सगळा भार सांध्यावर जातो. घसाऱ्याच्या, म्हणजे बारीक खडी आणि सुटी माती असलेल्या उतारावर पाय सटकू नये म्हणून आपण गुडघा ताठ धरतो आणि इजा आणखी वाढवतो. ताम्हिणीजवळची अंधारबनाची वाट या बाबतीत विचार करण्याजोगी आहे. पिंपरी गावातून भिऱ्याकडे जाणारी ही वाट घनदाट झाडीतून आडवी जाते आणि मग उतरते. चढ फारसा नाही, म्हणून ती ‘कुटुंबासाठी उत्तम’ असे सांगितले जाते. वाट खरोखर देखणी आहे. परंतु अंतर बारा-तेरा किलोमीटरांच्या आसपास आहे, अर्ध्यातून बाहेर पडायला मार्ग नाही आणि शेवटी मोठा उतार आहे. तुमच्या सासऱ्यांसाठी ती कळसूबाईपेक्षाही वाईट निवड ठरेल.

त्यांच्यासाठी काही गोष्टी आजपासून करता येतील. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना गुडघा दाखवावा आणि ‘उतार चालू का?’ असे नेमके विचारावे, ‘फिरू का?’ असे विचारले तर कोणताही डॉक्टर ‘फिरा’ असेच म्हणेल. परवानगी मिळाल्यास घराच्या जिन्यावरून सावकाश उतरण्याचा सराव दिवसाआड करावा, चढून जाण्यासाठी खुशाल लिफ्ट वापरावी. डोंगरात दोन काठ्या घ्याव्यात. एक काठी तोल देते, दोन काठ्या भार घेतात. उतरताना काठ्यांची लांबी थोडी वाढवावी, पावले लहान टाकावीत आणि दर वीस मिनिटांनी, दम लागलेला नसला तरी, थांबावे. एरवी त्यांना मनसोक्त चालायचे असेल तर माथेरान त्यांच्यासाठीच आहे असे मला वाटते: मोटारगाड्यांचा गोंगाट नाही, लाल मातीच्या सावलीतल्या वाटा आहेत, आणि दर काही अंतरावर एखादा पॉइंट येतो, जिथे पूर्ण दरी समोर उघडते. ज्याला डोंगर पाहायचा आहे, त्याने तो प्रत्येक वेळी चढलाच पाहिजे, असे नाही.

तिसरी गोष्ट दृष्टिभयाची. तुमच्या नणंदबाईंना जे झाले त्याला भित्रेपणा म्हणू नये, आणि घरातही तसे कोणी म्हणत असेल तर थांबवावे. पायांखाली भक्कम पायरी असली तरी डोळ्यांना बाजूला जमीन दिसली नाही की शरीर आपोआप आखडते. गुडघे थरथरतात, हात घट्ट मिटतात आणि विचार थांबतो. हे शरीराचे संरक्षण आहे. कलावंतीणच्या पायऱ्या पुरेशा रुंद आहेत, परंतु त्यांना दरीच्या बाजूला कठडा नाही, आणि जुलैत त्या ओल्या, शेवाळलेल्या आणि गर्दीने भरलेल्या असतात. अशा जागी माणूस आखडला, तर त्याला हात धरून ओढायचे नसते. त्याला कातळाकडे तोंड करून बसू द्यावे, एका माणसाने त्याच्या खालच्या पायरीवर उभे राहून दरी आपल्या अंगाने झाकावी, आणि पुढचे पाऊल कुठे ठेवायचे एवढेच शांतपणे सांगत राहावे. उतरतानाही तोंड कातळाकडे ठेवून, दोन हात आणि एक पाय असे तीन आधार कायम टेकलेले ठेवून उतरावे. मागून ओरडणारे लोक हा त्या दिवशीचा खरा धोका होता, तुमच्या नणंदबाई नव्हेत.

हे भय सवयीने बरेच कमी होते, मात्र सवय थोडी थोडी लागली पाहिजे. मळवली स्थानकाजवळचा लोहगड मी त्यासाठी सुचवेन. त्याच्या पायऱ्या बांधीव आहेत, एकामागून एक चार दरवाजे आहेत, आणि बहुतेक ठिकाणी बाजूला तट असल्यामुळे उंचीची जाणीव होते पण उघडेपणाची होत नाही. विंचूकाट्याची लांबच लांब सोंड त्यांनी वरूनच पाहावी, तिथपर्यंत जाण्याचा हट्ट धरू नये. मन झाले तर पुढच्या वेळी जातील. साल्हेर, राजगड, रायगड यांच्याबरोबर लोहगडाचाही २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिथे फार गर्दी होते. म्हणून शक्यतो आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी लवकर जावे. शेजारचा विसापूर मात्र त्यांनी तूर्त टाळावा. पावसाळ्यात तिथल्या एका वाटेवर पायऱ्यांवरून पाणी वाहते, ते दृश्य छायाचित्रांत मोहक दिसते, पण ज्याला निसरड्याची भीती बसली आहे त्याला तिथे नेऊ नये.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे: सर्वांना एकत्र कुठे नेता येईल?

आपल्या गडांची रचनाच या प्रश्नाला उत्तर देते, असे मला नेहमी वाटत आले आहे. गडाला पायथा असतो, मग माची, म्हणजे मधली सपाटी, असते, मग सर्वांत वरचा बालेकिल्ला. प्रत्येक टप्प्यावर पाणी, देऊळ, सावली आणि राबता अशी सोय केलेली असते. म्हणून ज्या गडाची माची स्वतःच पोहोचण्याजोगी सुंदर आहे, तो गड निवडावा. जो माचीवर थांबेल त्याला ‘मी अर्ध्यावर राहिलो’ असे वाटत नाही, आणि ज्याला बालेकिल्ला गाठायचा आहे त्याला कोणासाठी अडून राहावे लागत नाही. माझ्या आईला तिच्या पासष्टाव्या वर्षी मी राजगडावर पाली दरवाजाने नेले होते. ती पद्मावती तळ्याच्या काठी तीन तास बसली, देवीच्या देवळात जाऊन आली, तोरण्याकडे सरकत जाणाऱ्या सावल्या पाहत राहिली. बालेकिल्ला तिने पाहिला नाही; पुढे अनेक वर्षे ती ‘मी राजगड केला’ असेच सांगत असे, आणि ते खरेच होते.

तुमच्या कुटुंबासाठी मी राजमाची सुचवतो. कारण तिथे ही सोय आणखी एका पायरीने पुढे गेली आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले शेजारी शेजारी उभे आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी, माचीवर, उधेवाडी नावाचे राहते गाव आहे. गावात घरोघरी जेवणाची आणि मुक्कामाची सोय होते. या गावात येण्याच्या दोन मुख्य वाटा इतक्या भिन्न आहेत की, तुमच्या घरातील दोन टोकांची माणसे एकाच सकाळी निघून दुपारी एकाच अंगणात जेवायला बसू शकतात.

भाच्याने आणि तुमच्या यजमानांनी कल्याणहून कर्जतची लोकल धरावी, तिथून रिक्षाने कोंदिवड्याला जावे आणि कोकणातून वर चढावे. वाटेवर कोंडाणे लेणी लागतात. चैत्य आणि विहार असलेली ही बौद्ध लेणी ख्रिस्तपूर्व काळातली आहेत आणि चैत्याच्या दर्शनी भागावर लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात कोरलेली दिसते. तिथे अर्धा तास द्यावा. पुढे झाडीतली खडी चढण आहे. अंतर साधारण सहा किलोमीटर आणि चढ पाचशे मीटरांच्या आसपास धरला, तर नेस्मिथ यांच्या हिशेबाने दोन तास आणि माझ्या दीडपटीने तीन तास होतात. भाच्याला हा चढ पुरेसा आव्हानाचा वाटेल, आणि यात दरीच्या तोंडाशी लोंबकळण्याचा प्रसंग कुठेही येत नाही.

सासरे, नणंद, तुम्ही आणि मुलगी यांनी लोणावळ्याला उतरावे. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडीपर्यंतचे अंतर सुमारे पंधरा किलोमीटर आहे. बहुतांश वाट सपाटीची आणि रुंद आहे, आणि पाऊस संपल्यावर त्या कच्च्या रस्त्याने जीप जाते. पूर्ण पंधरा किलोमीटर चालण्याची गरज नाही. गाव तीन-चार किलोमीटरांवर आले की ज्यांना चालावेसे वाटते त्यांनी उतरावे, सासऱ्यांनी जीपनेच पुढे जावे. मुलीला या टप्प्यावर पुढे चालू द्यावे, तिच्या पुढे कोणीतरी एक मोठे माणूस असावे आणि मागे बाकीचे. तिच्या पाठीवर तिचीच छोटी पिशवी द्यावी, त्यात तिचे पाणी आणि तिचा खाऊ असावा. मुले चढाने थकत नाहीत, मोठ्यांच्या मागे मागे चालून कंटाळतात, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. कुठे रानडुकराने उकरलेली माती, कुठे खेकड्याचे बीळ, कुठे सापाची कात, असे काही दिसले की तिला थांबू द्यावे; तिच्यासाठी निसर्ग म्हणजे दरीचे दृश्य नव्हे, हातभर अंतरावरची गोष्ट आहे. जुलैच्या धुक्यात तिला हेच मिळाले नाही.

जेवणानंतर दोन्ही बालेकिल्ल्यांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचे देऊळ आहे, तिथपर्यंत सगळ्यांनी सावकाश जावे. मनरंजन तुलनेने बुटका आहे. तिथे मुलीला घेऊन जाता येईल. श्रीवर्धन अधिक उंच आहे आणि त्याच्या काही पायऱ्या तुटलेल्या आहेत, तरी वाट सरळ आहे. नणंदबाईंनी त्यावर जावे की नाही, हे त्यांनी देवळापाशी उभे राहून, वर पाहून स्वतः ठरवावे. आधी कोणी विचारू नये आणि नंतर कोणी बोलू नये. वर गेल्यास उल्हास नदीचे खोरे, नागफणीचा सुळका आणि ढाकचा डोंगर असा मुलूख दिसतो. न गेल्यास गावाच्या दुसऱ्या अंगाला तळे आहे आणि तळ्याकाठी जुने, दगडी शिवमंदिर आहे. संध्याकाळी पाण्यात डोंगराचे प्रतिबिंब पाहत सासऱ्यांबरोबर तिथे बसावे. मला स्वतःला निवड करायची झाली, तर अलीकडे मी तळेच निवडतो.

मुक्काम जरूर करावा. एका दिवसात परतायचे ठरवले की घाई होते, आणि डोंगरातील बहुतेक अपघात घाईत आणि उतरताना होतात. दुसऱ्या दिवशी सर्वांनी लोणावळ्याच्या बाजूने परतावे, म्हणजे गुडघ्याला उतार नाही. तारीख ठरवताना नाताळ ते ३१ डिसेंबर हे दिवस टाळावेत. त्या आठवड्यात लोणावळ्याला वाहन मिळणे कठीण होते आणि डोंगरातही शांतता उरत नाही. डिसेंबरचा दुसरा किंवा तिसरा आठवडा उत्तम. पहाटे चांगली थंडी असते, आकाश स्वच्छ असते, आणि गवत पिवळे पडले तरी झाडी अजून हिरवी असते. काजव्यांसाठी राजमाची प्रसिद्ध आहे, पण तो मोसम पावसाच्या तोंडावरचा, आणि त्या काळातील गर्दी तुमच्या नणंदबाईंना मानवणार नाही.

भाच्याचा प्रश्न उरला. त्याला अडवू नका, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगतो. मात्र त्याने घेतलेली तीन नावे तीन वेगळ्या पातळ्यांची आहेत, हे त्याला समजायला हवे. हरिहरच्या कातळकोरीव पायऱ्या जवळजवळ ऐंशी अंशांत उभ्या आहेत. १८१८ मध्ये इंग्रजांनी अनेक गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, हरिहरच्या मात्र राहिल्या. हात घालण्यासाठी त्यांत खोबणी कोरलेल्या आहेत. तिथे दम फारसा लागत नाही, डोके थंड असावे लागते, आणि गर्दी असेल तर सराईतानेही खालूनच परत फिरावे, कारण वरून एक माणूस घसरला तर खालचे सगळे त्याच्या मार्गात असतात. नळीच्या वाटेला दम, दगडांवरून चालण्याची सवय आणि ती वाट ठाऊक असलेला वाटाड्या, तिन्ही लागतात. अलंग आणि मदन यांचा प्रश्नच निराळा आहे. तिथल्या तुटलेल्या टप्प्यांवर दोर लावून प्रस्तरारोहण करावे लागते. हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कमरेचा पट्टा, काय असते, दोर कोणी आणि कशाला बांधला आहे, उतरताना स्वतःला कसे अडकवून घ्यायचे, हे ठाऊक नसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या भरवशावर तिथे लटकू नये.

त्याने राजमाचीनंतर जानेवारीत बारीहून कळसूबाई करावे. लोखंडी शिड्यांची सवय होईल आणि सलग मोठा चढ म्हणजे काय, हे कळेल. मग रतनवाडीहून रतनगड: अमृतेश्वराचे कोरीव देऊळ, जंगलातली वाट, शेवटी शिड्या आणि माथ्यावरचे नेढे, म्हणजे कातळातले आरपार नैसर्गिक भोक. या एका गडावर सह्याद्रीतले जवळजवळ सगळे काही पाहायला मिळते. त्यानंतर खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगड, मुक्कामासह आणि स्वतःचे ओझे स्वतः वाहून. एवढे झाल्यावर एखाद्या कोरड्या दिवशी, आठवड्याच्या मध्ये, हरिहर. नळीची वाट पुढच्या हिवाळ्यात. दोराच्या वाटांसाठी त्याने आधी एखाद्या अनुभवी गिर्यारोहण संस्थेचे प्रस्तरारोहणाचे शिबिर करावे. ओढ टिकली, तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा मूलभूत अभ्यासक्रम आहेच. वीस वर्षांच्या मुलाला एक वर्ष फार वाटते. त्याला सांगा की या क्रमातला एकही गड ‘तयारी’ म्हणून पाहायचा नाही. रतनगडाचे नेढे पाहिल्यावर तो हे स्वतःच मान्य करील.

पुन्हा कधी समूहाबरोबर गेलात तर पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. सुरुवात कोणत्या गावातून आहे, उतरायचे त्याच वाटेने की दुसऱ्या, कठडा नसलेला टप्पा किती लांबीचा आहे, शेवटचे पिण्याचे पाणी कुठे मिळते, किती माणसांमागे एक जाणकार असतो, आणि मध्येच कोणाला थांबावेसे वाटले तर त्याच्याजवळ कोण थांबेल. शेवटच्या प्रश्नाला जो गोंधळेल, त्याच्याबरोबर ज्येष्ठांना आणि मुलांना घेऊन जाऊ नये. पावसाळ्यात तर ओढा ओलांडून जाणारी कोणतीही वाट कुटुंबासाठी निवडू नका; सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी डोंगरावर सर आली की अर्ध्या तासात कमरेला लागते. सांदण ही उंच कड्यांमधली अरुंद दरी पावसात पूर्ण वर्ज्य. उन्हाळ्यात उघडे गड टाळावेत आणि माणशी तीन लिटर पाणी घ्यावे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कातळावर आग्या मोहोळाची पोळी असतात. तीव्र वासाची अत्तरे लावू नयेत, कड्याखाली शेकोटी पेटवू नये, आरडाओरडा करू नये. भाच्याला हे विशेष बजावून सांगा, कारण लेण्यांत आवाज घुमवून पाहण्याचा मोह त्याच्या वयात आवरत नाही.

निघण्याच्या आठ दिवस आधी उधेवाडीत मुक्कामासाठी फोन कराल, तेव्हा रस्त्याची अवस्थाही विचारून घ्या. पाऊस लांबला असेल तर जीप गावापर्यंत पोहोचत नाही, आणि तसे झाल्यास सासऱ्यांसाठी बेत आठवडाभर पुढे ढकलणे बरे. परत आल्यावर त्यांचा गुडघा दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कसा होता, ते मला अवश्य कळवा. लोहगडाच्या पायऱ्या त्यांना झेपतील की माथेरानच बरे, हे त्यावरून सांगता येईल.